पंप घेण्याआधी : इंदूरमधल्या एका घरातल्या कमी दाबाचा तपास

नळाला जोर नाही अशी तक्रार आली की बहुतेक घरांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं: पंप बसवून टाका. या प्रकरणातही तेच झालं होतं. पंपाचा भाव काढून झाला होता, गच्चीवर जागा ठरली होती, वायरमनला निरोपही गेला होता. तो बसला असता तर पैसे गेले असते आणि दोष जागच्या जागी राहिला असता. तपास कसा झाला ते आकड्यांसकट मांडतो आहे, कारण इंदुरात गल्लोगल्ली पाण्याची रचना अशीच आहे आणि ही तपासणी कोणालाही करता येते. त्यासाठी गवंड्याकडचा लेव्हलचा पारदर्शक पाइप, पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढंच लागतं.

घर आणि पाण्याची वाट

घर लोकमान्य नगरातलं, तळमजला आणि वर एक मजला. खाली काका-काकू राहतात, वर मुलगा, सून आणि नातू. बांधकाम १९९० च्या आसपासचं, त्यामुळे मूळचे सगळे पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे होते. काही वर्षांपूर्वी वरचं न्हाणीघर नव्याने केलं तेव्हा तिथे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप, आला. टाकीपासून खाली येणारी उभी लाइनही तेव्हाच पाऊण इंची सीपीव्हीसीची झाली. खालच्या स्वयंपाकघराची शाखा मात्र अजून जुन्या लोखंडाचीच आहे.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड सकाळी येतं. ते अंगणातल्या हौदात पडतं आणि तिथून मोटरने जिन्याच्या खोलीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत चढतं. उन्हाळा लागला की हौद पुरत नाही, मग बोअरिंगचं पाणी त्यात मिसळावं लागतं. माळव्याच्या काळ्या दगडातून वर आलेलं हे पाणी जड असतं. गिझर, शॉवरची जाळी, नळाचं तोंड, जिथे ते थांबतं किंवा तापतं तिथे क्षारांचा पांढरा थर सोडून जातं.

शेजारपाजारच्यांचं मत होतं की नर्मदेच्या लाइनलाच प्रेशर कमी आहे. हे मत इंदुरात सर्रास ऐकू येतं, म्हणून आधी तेच बाजूला सारतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून जवळपास सत्तर किलोमीटर अंतर कापून, निमाडातून घाट चढून हे पाणी शहरात येतं. शहराच्या वितरणासाठी केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीने एकमजली घरांसाठी ७ मीटर आणि दुमजली घरांसाठी १२ मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब धरलेला होता. पण हौदात पडल्या क्षणी त्या लाइनचा घरातल्या नळांशी संबंध संपतो. रस्त्यावरचा दाब कमी असला तर हौद भरायला वेळ लागेल, एवढंच. घरातल्या नळाचा दाब ठरवते ती जिन्यावरची टाकी, आणि टाकीतून नळापर्यंतची वाट.

तक्रार, आणि दोन वेगळ्या साक्षी

वरच्या न्हाणीघरातला शॉवर ठिबकत होता. बादलीच्या नळाची धार करंगळीपेक्षा बारीक झाली होती. खाली काकूंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला की वर पाणी पूर्ण बंद. रंगपंचमीला घरची आणि पाहुणे मंडळी राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून रंगाने माखून परतली, खाली-वर एकदम नळ सुटले आणि वरच्या लोकांना अंग धुवायला खालून बादल्या न्याव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पंपाचा विषय निघाला. नेहमीचा मिस्त्री येऊन वरचा नळ बघून गेला आणि जाताना म्हणाला, "भैया, ऊपर वालों को प्रेशर पंप लगेगा ही."

हे सुरू कधी झालं, यावर घरात एकमत नव्हतं. काकांचं म्हणणं, गेल्या उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हापासून. काकूंना ते मान्य नव्हतं. "अहो, दिवाळीला सगळी मंडळी इथेच होती ना? कोणी म्हणालं का पाणी येत नाही म्हणून? हे नंतर हळूहळू झालंय." अशा वेळी दोघांपैकी एकाची आठवण चुकीची धरायचा मोह होतो. मी तो टाळतो. दोन्ही विधानं लिहून घ्यायची आणि शेवटी असा दोष शोधायचा, ज्यात दोघंही खरे ठरतील. या प्रकरणात तसंच झालं.

लिहून घेतलेलं तिसरं विधान सूनबाईंचं. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की वर पाणी आधी फुसफुसत, गचके देत येतं आणि मग बारीक धार लागते.

"खाली सगळं ठीक आहे"

हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने उच्चारलं आणि त्यानेच सगळा तपास चुकीच्या दिशेला नेला असता. खाली ठीक आणि वर खराब, म्हणजे दोष वरच्या शाखेत किंवा टाकीची उंची अपुरी, असं सरळ वाटतं. पंपाचा सल्ला याच तर्कातून आला होता.

म्हणून पहिलं मोजमाप जिथे तक्रार नव्हती तिथे घेतलं. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून बादली खाली धरली. मिनिटाला ३.२ लिटर. टाकीतलं पाणी या नळाच्या वर सव्वाआठ मीटर उभं आहे. एवढ्या उंचीवर अर्ध्या इंची नळाने याच्या कित्येक पट पाणी द्यायला हवं. पण भांडी घासायला, तांदूळ धुवायला मिनिटाला तीन लिटरची धार पुरते, त्यामुळे काकूंना कधी कमतरता जाणवलीच नाही. वर आंघोळीची बादली भरायची असते, तिथे ती जाणवते. वरच्या न्हाणीघरात बादलीचा नळ पूर्ण सोडल्यावर पंधरा लिटर भरायला सहा मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. खालचा आणि वरचा आकडा एवढे जवळ आले की शंका वरच्या शाखेवरून उठून सामाईक वाटेवर जाते.

एक नळ सोडला की दुसरा मरतो, हे लक्षणही तिकडेच बोट दाखवतं. वरच्या शाखेतच कचरा असता, तर खालचा नळ सुटल्याने वर फारसा फरक पडला नसता. दोघं एकाच अरुंद दारातून येणारं पाणी वाटून घेत असतील तरच खालचा सगळं ओढून नेतो, कारण पाण्याला खाली जाणं सोपं.

उभा दाब आणि वाहता दाब

नळ बंद असताना पाइपात जो दाब उभा असतो तो फक्त टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर ठरतो. वाटेत पाइप बारीक असो, क्षारांनी भरलेला असो, व्हॉल्व्ह अर्धा बंद असो, पाणी हलत नाही तोवर त्याचा काही परिणाम होत नाही. नळ सोडला की पाणी चालू लागतं आणि प्रत्येक अडचणीवर दाब खर्च होतो. म्हणून एकच आकडा घेऊन काही कळत नाही. उभा दाब पुरा आणि वाहता दाब कमी, तर वाटेत अडथळा आहे. उभा दाबच कमी, तर एकतर टाकी खाली आहे किंवा पाइपात हवा अडकली आहे. या दोन दोषांचे उपाय वेगळे, आणि पंप हा सरसकट दोन्हींवरचा उपाय नव्हे.

दुकानात मिळणारं साधं दाबमापक ० ते ७ किंवा ० ते १० किलोचं असतं. १० मीटर पाण्याची उंची म्हणजे साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. आपल्या घरांत वरच्या मजल्यावर अर्धा किलो दाबही मुश्किलीने असतो, त्यात त्या मापकाचा काटा जेमतेम हलतो. पाच-दहा सेंटीमीटरचा फरक त्यावर दिसणं शक्य नाही. गवंड्याचा लेव्हलचा पाइप इथे त्याहून कितीतरी चांगला, कारण तो दाब सरळ उंचीतच दाखवतो.

वरच्या वॉशबेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला छोटा नळ, बंद करून कनेक्शन पाइप सोडला, तिथे अर्ध्या इंची नोझल बसवलं आणि त्यावर पारदर्शक पाइप क्लिपने आवळला. दुसरं टोक व्हेंटिलेटरमधून बाहेर काढून दोरीने जिन्याच्या खोलीच्या स्लॅबपर्यंत वर घेतलं. आधी टोक खाली धरून पाणी वाहू दिलं, कारण पाइपात एक बुडबुडा राहिला तरी मोजमाप खोटं येतं. मग टोक टाकीच्या काठाच्या वर बांधलं. काका टेप घेऊन वर उभे राहिले. घरातले सगळे नळ बंद.

पाणी पारदर्शक पाइपात चढत गेलं आणि एका जागी थांबलं. टाकीतल्या पाण्याची पातळी अँगल कॉकच्या वर ५.६ मीटर होती. पाइपातलं पाणी थांबलं ५.२५ मीटरला. काकांनी दोनदा मोजून सांगितलं, पस्तीस सेंटीमीटर कमी.

पाणी स्थिर असताना ही तूट असायलाच नको. थेट जोडलेल्या पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच राहते, गवंडी त्याच नियमावर भिंतीची लेव्हल काढतो. तूट दिसते याचा अर्थ मध्ये कुठेतरी पाण्याची साखळी तुटलेली आहे, तिथे हवा आहे. पाइप कुठे उलट्या यू सारखा वर चढून खाली उतरत असेल, तर त्या कमानीत हवा बसते. हवेच्या अलीकडचं पाणी जेवढं वर आणि पलीकडचं जेवढं खाली, तेवढी उंची वाया जाते. पण ही तूट ५.६ मीटरातली पस्तीस सेंटीमीटर. तेवढ्याने सहा मिनिटांची बादली होत नाही. हवा हा खरा दोष होता, पण मोठा दोष वेगळाच होता.

आता न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडला. पारदर्शक पाइपातलं पाणी सरसर खाली आलं आणि अँगल कॉकच्या जेमतेम ५० सेंटीमीटर वर टिकलं. पावणेपाच मीटर उंची वाटेत संपली, आणि तीही मिनिटाला अडीच लिटर वाहून नेताना. पाऊण इंची स्वच्छ पाइप एवढ्या पाण्यासाठी पंधरा मीटरमध्ये फार तर पाच-सात सेंटीमीटर खातो.

मग सूनबाईंना खालचा नळ सोडायला सांगितला. पाइपातलं पाणी अँगल कॉकच्या खाली उतरलं आणि नोझलमधून हवा आत ओढली जाऊ लागली, फुस्स असा आवाज येऊ लागला. इथे मी थांबतो, कारण ही गोष्ट प्रेशरपेक्षा मोठी आहे. त्या क्षणी वरच्या मजल्याची लाइन शोषत असते. न्हाणीघरात शॉवरचा हातनळ भरलेल्या बादलीत बुडालेला असेल आणि त्याचा कॉक उघडा असेल, तर बादलीतलं साबणाचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये परत जाऊ शकतं. संडासातल्या जेटचंही तसंच. ज्या घरात खालचा नळ सोडला की वर हवा ओढल्याचा आवाज येतो, त्यांनी तो आवाज हसण्यावारी नेऊ नये.

याच प्रयोगाने सूनबाईंच्या फुसफुसण्याचंही एक कारण मिळालं. टाकी रिकामी झाली की हवा शिरतेच. पण इथे खालचा नळ चालू असताना वर कोणी नळ सोडला की प्रत्येक वेळी थोडी हवा आत जात होती आणि उभ्या लाइनमधून बुडबुड्यांनी वर चढून कमानीत जाऊन बसत होती. मोठा दोष लहान दोषाला रोज खुराक पुरवत होता.

वाट अर्धी करत जाणं

अडथळा सामाईक वाटेत, म्हणजे टाकी ते वरच्या मजल्याची फांदी यांच्या मध्ये. एवढी लांबी खोदत बसायची गरज नसते. मधला एखादा बिंदू पकडायचा आणि दोष त्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच विचारायचं.

तो बिंदू काकूंनी दिला. कुंड्यांना पाणी घालायला त्यांनी गच्चीवर एक नळ घेतलेला आहे. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर आणि कठड्याच्या आधी त्याची टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवलेली. तो पूर्ण सोडून लिटरचं माप खाली धरलं. भरायला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त लागलं, म्हणजे मिनिटाला दोन लिटरही नाही. या नळाच्या वर टाकीचं पाणी अडीच मीटर उभं आहे आणि मध्ये पाइप आहे हातभर. तरी ही धार. एका फटक्यात उभी लाइन, कठडा, वरची फांदी सगळे सुटले. उरलं टाकीचं तोंड आणि त्याला लागून असलेला इंचाचा पितळी गेट व्हॉल्व्ह.

टाकीचं झाकण उघडून पाहिलं. कधीकधी झाकण इतकं घट्ट बसतं आणि हवेचं भोक बुजलेलं असतं की टाकीत पोकळी तयार होते, पण झाकण काढून धारेत काही फरक पडला नाही. तळाला बोटभर गाळ होता, मात्र पाइपाचं तोंड त्याच्या वर होतं.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी हिशेब केला. मिनिटाला अडीच लिटर पाणी पावणेपाच मीटरच्या फरकाने जात असेल, तर भोक केवढं असावं? उत्तर येतं साधारण ७ चौरस मिलीमीटर, म्हणजे ३ मिलीमीटर व्यासाचं भोक. इंचाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असता तर त्याचं तोंड ४९० चौरस मिलीमीटरच्या आसपास असतं. संपूर्ण घराचं पाणी एका ज्वारीच्या दाण्याने बुजेल एवढ्या वाटेने येत होतं.

मग व्हॉल्व्हची चकरी फिरवली. दोन्ही दिशांनी ती गरगर फिरली, कुठेच आवळली नाही. गच्चीवरचा नळ चालू ठेवून फिरवली तरी धारेवर परिणाम शून्य. चांगला गेट व्हॉल्व्ह बंद होताना शेवटी हाताला घट्ट लागतो आणि पाणी थांबतं. चकरी नुसती फिरत राहते याचा अर्थ आतली झडप स्पिंडलपासून, म्हणजे चकरीच्या दांड्यापासून, सुटलेली आहे आणि खाली पडून आहे.

व्हॉल्व्हला युनियन, म्हणजे पाइप न कापता उघडता येणारा जोड, नव्हतं, त्यामुळे पाइप कापावाच लागला. उजेडात धरून आत पाहिलं तर पितळी पाचर, म्हणजे तीच झडप, जवळजवळ पूर्ण खाली बसलेली, किंचित तिरकी. तिच्या वरच्या कडेला चंद्रकोरीसारखी फट. फटीच्या दोन्ही टोकांना पांढरट-करडा क्षार घट्ट भरलेला, मध्ये शेवाळाचा हिरवा धागा, आणि त्याच्या शेजारून पाणी जायची वाट. पाचरीच्या ज्या कानात स्पिंडलचं डोकं अडकतं तो कान तुटलेला, आणि तुटलेला भाग लालसर दिसत होता. पितळातलं जस्त वर्षानुवर्षं पाण्यात विरघळून गेलं की मागे सच्छिद्र तांबं उरतं, ते बाहेरून शाबूत दिसतं पण जोर लावला की मोडतं.

आता दोन्ही साक्षी जुळल्या. वॉटरप्रूफिंगच्या वेळी पाइप हलवायचा म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह पान्याने जोर लावून बंद केला. तेव्हा कान मोडला. काम झाल्यावर चकरी उलटी फिरवली, स्पिंडल वर आलं, पाचर खालीच राहिली. तिच्या तिरकेपणामुळे बरीच फट शिल्लक होती, म्हणून दिवाळीपर्यंत भागलं. पुढे त्या फटीत क्षार साचत गेला आणि धार महिन्या-महिन्याने बारीक होत गेली. सुरुवात काका सांगत होते तेव्हा झाली, आणि काकू सांगत होत्या तशी ती वाढली.

दुरुस्ती

सियागंज बाजारातून इंचाचा फुल-बोअर, म्हणजे आतलं भोक पाइपाएवढंच असलेला, बॉल व्हॉल्व्ह आणला, दोन्ही बाजूंना युनियन घेतलं. टाकीच्या तोंडाशी गेट व्हॉल्व्ह पुन्हा लावायला मी तयार नव्हतो. जड पाण्यात तो वर्षभर न हलवता ठेवला की चिकटतो, आणि त्याचं बिघडणं बाहेरून दिसत नाही. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाला समांतर असला की उघडा, आडवा असला की बंद. दांडा अजून जागेवर आहे का, फिरतो का, हे दोन सेकंदांत कळतं. काकांना महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद-उघड करायला सांगितलं आहे. टाकी धुवून गाळही काढला.

पाणी सोडलं आणि तीच मोजमापं पुन्हा घेतली. वरची पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली, मिनिटाला १० लिटर. तेव्हा पारदर्शक पाइपातलं पाणी अँगल कॉकच्या वर सव्वाचार मीटरला उभं होतं. स्वयंपाकघरात मिनिटाला ९ लिटर. खालचा नळ चालू असताना वरची धार थोडी उतरते, पण थांबत नाही, आणि हवा ओढल्याचा आवाज गेला.

सगळे नळ बंद करून उभा दाब पाहिला. तो अजून पस्तीस सेंटीमीटर कमीच होता. अपेक्षित होतं, कारण हवा व्हॉल्व्हमध्ये नव्हतीच. गच्चीचा पाइप पूर्वी कठड्याच्या पायाशी असलेल्या भोकातून बाहेर पडत असे. वॉटरप्रूफिंगवाल्यांनी ते भोक बुजवून साधारण ४५ सेंटीमीटर वर नवं पाडलं. वॉटरप्रूफिंगच्या दृष्टीने ते बरोबरच केलं, पायाशी भोक ठेवलं की तिथून गळतीच लागते. पण पाइप तिथे वर चढून पुन्हा खाली उतरू लागला आणि हवेला घर मिळालं. उन्हाने पाइप तापला की पाण्यात विरघळलेली हवाही बाहेर पडून तिथेच जमते.

नवा कोबा फोडून पाइप खाली घ्यायचा नव्हता. कमानीच्या सर्वात उंच जागी टी घालून अर्ध्या इंची नळी सरळ वर नेली, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला क्लँप केली आणि टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा हातभर वर काढून तोंड खाली वळवून जाळी लावली. तोंड टाकीच्या पातळीच्या खाली राहिलं तर त्यातून पाणी वाहील, म्हणून ही उंची टेपनेच ठरवायची. नळी लागली तशी पारदर्शक पाइपातली पातळी टाकीच्या पातळीला येऊन मिळाली, एक सेंटीमीटरचाही फरक राहिला नाही. या घरात पुढे कधी पंप बसवलाच तर ही नळी बंद करावी लागेल, नाहीतर पंप तिच्यातून हवा ओढेल किंवा पाणी बाहेर फेकेल. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने तसं लिहून ठेवलं आहे.

पंप बसला असता तर

मिस्त्रीने पंपाची जागा व्हॉल्व्हच्या लगेच पुढे ठरवली होती. पंप मागच्या बाजूने पाणी ओढतो, पण ओढण्याला निसर्गाची मर्यादा आहे. पोकळी कितीही केली तरी बाहेरची हवा पाण्याला जेमतेम दहा मीटरच ढकलू शकते, आणि व्यवहारात सहा-सात मीटरला पंप घरघरायला लागतो. टाकीची अडीच मीटर उंची आणि पंपाचे सात मीटर, मिळून साडेनऊ मीटरचा जोर त्या ७ चौरस मिलीमीटरच्या फटीवर लागला असता. भोकातून जाणारं पाणी जोराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे जोर दुप्पट झाला तरी अडीच लिटरचे साडेतीन झाले असते. दोन-चार दिवस वरच्यांना फरक वाटला असता. नंतर क्षार आणखी साचून पंप कोरडा चालला असता, आणि कंपनीचा पंप खराब निघाला म्हणून दुसरा आला असता. दाबाच्या तक्रारीत पंप शेवटी येतो, वाट मोकळी आहे हे मोजून झाल्यावर, आणि तरीही उंची कमी पडत असेल तेव्हा.

जे राहिलं

बादलीचा नळ सुधारला तरी वरचा शॉवर अपेक्षेएवढा सुधारला नाही. याची दोन कारणं होती. न्हाणीघर नव्याने केलं तेव्हा अर्ध्या इंची जीआयच्या जागी अर्ध्या इंची सीपीव्हीसी घातलं गेलं. नाव एक असलं तरी पोट वेगळं: जीआयच्या अर्ध्या इंची पाइपाचा आतला व्यास सुमारे १६ मिलीमीटर, सीपीव्हीसीचा साडेबाराच्या आसपास. वाट चाळीस टक्क्यांनी घटते, आणि तेवढंच पाणी न्यायचं तर घर्षणाचा खर्च तिपटीहून जास्त होतो. बदलताना एक माप वरचं घ्यायला हवं होतं, हे दुकानदार किंवा मिस्त्री सहसा सांगत नाहीत. दुसरं कारण शॉवर स्वतः. पसरट रेन शॉवर पंपाच्या दाबासाठी बनलेला असतो, टाकीच्या चार मीटर उंचीवर तो पावसाचा आव आणू शकत नाही. सूनबाईंनी माळ्यावरचा जुना पितळी, मोठ्या भोकांचा शॉवर काढला आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून साफ केला. त्या खूश आहेत.

गरम पाण्याची बाजू थंड पाण्यापेक्षा अजून मंद आहे. गिझरच्या आत जाणाऱ्या तोंडावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उलट प्रवाह रोखणाराही असतो, त्याची स्प्रिंग क्षाराने जड झाली होती. तो साफ केला, पाणी बाहेर पडतं तिथला एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, बदलला, थोडा फरक पडला. गिझरच्या टाकीतला क्षार काढायचं काम पावसाळ्यात ठरलं आहे, तेव्हा चार दिवस गरम पाण्याशिवाय चालतं.

आणि खालच्या स्वयंपाकघराची जुनी लोखंडी शाखा. मिनिटाला ९ लिटर म्हणजे ती अजून तग धरून आहे, पण सव्वाआठ मीटर उंचीवर तिने याहून जास्त द्यायला हवं, म्हणजे आतून ती अर्धी भरत आली आहे. आत्ता फरशी फोडायचं कारण नाही. काकूंच्या मनात पुढल्या वर्षी ओटा बदलायचा आहे. तेव्हा ही लाइन पाऊण इंची घालायची, फक्त शेवटी नळापाशी अर्धा इंच करायचा, आणि ओट्याखाली हात पोचेल तिथे तिचा स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह ठेवायचा, असं ठरलं आहे.